दाणे संपल्यावरचं जातं : एका प्रसंगाच्या पार्श्वसंगीताचा अभ्यास

प्रसंग ३ मिनिटं ४२ सेकंदांचा आहे. फिल्म टीव्हीसाठी केलेली, साधारण दीड तासाची, १९७२ च्या दुष्काळावर बेतलेली. चित्रीकरण अथणी तालुक्यात, जतच्या शिवेला लागून असलेल्या एका गावात झालं. बेळगाव जिल्हा म्हटलं की बाहेरच्यांना खानापूरचं जंगल आणि आंबोलीकडचा पाऊस आठवतो. अथणीचा भाग पर्जन्यछायेतला, कोरडवाहू. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि खडी फोडायची कामं अजून आठवतात.

घरात सासू मराठी, सून कन्नड. अशी घरं या पट्ट्यात गल्लोगल्ली आहेत आणि दोघींना एकमेकींचं बोलणं कळतं, फक्त जिव्हाळ्याचं बोलायची वेळ आली की प्रत्येकजण आपापल्या भाषेत शिरते. मुलगा मुंबईला जगायला गेलाय, चार महिने पत्र नाही. सुनेचं माहेर कृष्णाकाठी, कुडचीच्या बाजूला. तिथल्या विहिरीला अजून पाणी आहे. म्हणून सासू तिला आणि तान्ह्या मुलाला माहेरी धाडायचं ठरवते. पहाटे उठून सुनेच्या वाटेतल्या भाकरीसाठी ती घरातलं शेवटचं धान्य दळायला बसते. एवढाच प्रसंग. त्यात एकच वाक्य बोललं जातं, तेही शेजाऱ्याचं, दाराबाहेरून : "गाडी जुंपलीया ओ."

मी या कामात संगीत साहाय्यक होतो. संगीतकार आणि दिग्दर्शक या दोघांच्या संमतीनं लिहितोय. त्यांची आणि फिल्मची नावं बाजूला ठेवली आहेत. संगीतकार प्रेक्षकाच्या मनात भावना नेमकी कशी उभी करतो, हे मला या एका प्रसंगात जितकं स्वच्छ दिसलं तितकं दुसरीकडे दिसलं नाही. म्हणून सगळं तपशिलानं मांडतो.

संकलनाच्या टेबलावर काय होतं

आमच्याकडे प्रसंग आला तेव्हा त्यावर टेंप ट्रॅक लावलेला होता. संकलक कापाकापी करताना दुसरीकडचं तयार संगीत तात्पुरतं लावून घेतात, लय सापडावी म्हणून. अडचण अशी की दिग्दर्शक ते आठवडेच्या आठवडे ऐकतो आणि त्याला त्याची सवय लागते. पुढे संगीतकारानं काहीही आणलं तरी मनातल्या मनात तुलना त्याच्याशीच होत राहते.

इथे लावलेलं संगीत वाईट नव्हतं. व्हायोलिनचा ताफा, वर बासरी, सूर शिवरंजनी रागाचे. पहिल्या फ्रेमपासून सुरू होऊन शेवटपर्यंत हळूहळू चढत जाणारं. दिग्दर्शकाचं म्हणणं साधं होतं : "दादा, हे बघताना माझ्या डोळ्यांत पाणी येतं. तुम्ही असंच काहीतरी द्या, पण आपल्या मातीतलं."

संगीतकार बेळगावचेच. त्यांनी आधी आवाज पूर्ण बंद करून प्रसंग बघितला. मग फक्त जागेवरचा मूळ आवाज ठेवून. मग टेंप ट्रॅकसकट. आणि विचारलं, "सून निघालीय हे बघणाऱ्याला कधी कळतं?"

कागदावर वेळा मांडल्या. ०:१४ ला जात्याचा पहिला फेर. ०:५० च्या पुढे सून मागे काहीतरी आवराआवर करताना दिसते, पण ते रोजचंही असू शकतं. १:२० ला शेजाऱ्याची हाक. १:३८ ला सासू सुपातली शेवटची मूठ जात्याच्या तोंडात घालते. २:०५ ला दाणे संपतात. ती थांबत नाही, रिकामं जातं फिरवत राहते. २:३१ ला सून येऊन समोर बसते आणि खुंट्यावर हात ठेवते. २:५० ला सून गुणगुणायला लागते, कन्नडमध्ये. ३:३० ला जातं थांबतं.

म्हणजे टेंप ट्रॅक रडायला लागतो शून्याला आणि कारण कळतं १:२० ला. पहिली ८० सेकंदं बघणारा कशासाठी ते माहीत नसताना दुःखी होतो. कारण कळतं तोवर त्याच्या मनातली दुःखाची जागा वापरून झालेली असते. २:०५ ला खरा घाव बसायचा, त्या क्षणी संगीताकडे आणखी मोठ्यानं वाजण्याखेरीज दुसरं काही उरत नाही. दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी येत होतं हे खरंच, पण त्यांना गोष्ट आधीपासून माहीत होती. त्यांनीच ती लिहिली होती.

या कामाकडे लोक "दुःखाचा प्रसंग आहे, दुःखाचा राग लावा" अशा नजरेनं बघतात. माझ्या मते निम्म्याहून अधिक काम कुठला सूर यापेक्षा कुठल्या क्षणी आणि कुणाच्या बाजूनं, हे ठरवण्याचं आहे. व्हायोलिनचा तो ताफा सुनेच्या बाजूनं वाजत होता. निघणारी ती, मूल तिच्या काखेत, नवरा तिचा बेपत्ता. डोळा सहज तिच्याकडेच जातो. पण कॅमेरा ३ मिनिटांहून जास्त वेळ सासूच्या हातांवर आहे.

संगीतानं माणसाची नजर कशी वळते याचा एक जुना प्रयोग संगीतकार नेहमी सांगतात. १९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मेरिअन सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडून तिकडे हलतात अशी छोटी चित्रफीत केली; बघणाऱ्यांनी त्यातून भांडणं, पाठलाग, दादागिरी अशा गोष्टी रचल्या. १९८८ मध्ये सँड्रा मार्शल आणि ॲनाबेल कोहेन यांनी त्याच फितीला वेगवेगळं संगीत लावलं, तर त्याच आकृत्यांचे स्वभाव बघणाऱ्यांना वेगळे वाटले. साध्या त्रिकोणाचं हे होत असेल, तर जात्यावर वाकलेल्या बाईचं काय होईल?

फ्रेम मोजताना सापडलेली गोष्ट

टीव्हीची फिल्म सेकंदाला २५ फ्रेमनं चालते. संगीत चित्राला बांधायचं तर साधारणपणे एक ठराविक लय धरून क्लिक ट्रॅक करतात आणि वादक कानात ती टिकटिक ऐकत वाजवतात. इथे संगीतकारांनी उलटं सांगितलं : जात्याचा प्रत्येक फेर मोजा, लय चित्रातून काढा. खुंटा कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळ येतो ती फ्रेम धरून मी एकेक फेर लिहीत गेलो.

दळण चालू असताना एका फेराला साधारण ५२ फ्रेम लागत होत्या, म्हणजे दोन सेकंदांहून किंचित जास्त. २:०५ नंतर तोच फेर ४४ फ्रेमवर आला. अभिनेत्रीला कुणी तसं सांगितलं नव्हतं. जातं खरं होतं, दाणे खरे होते. दाणे संपले की दगड हलका होतो आणि हात आपोआप भरभर फिरतो. टेंप ट्रॅक नेमका तिथेच संथ होत होता. चित्र पळतंय आणि संगीत पाय ओढतंय. बघणाऱ्याला हे सांगता येणार नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याच्या अंगाला कळतं.

दुःख म्हणजे संथ लय, हा पार्श्वसंगीतातला एक पक्का बसलेला ठोकळा आहे. इथे दुःखाचा हात भरभर फिरत होता. ज्या बाईला थांबायचं नाही, कारण थांबलं की सुनेला निघावं लागेल, ती बाई रिकामं जातं जोरात फिरवते. लय वाढण्यातच तिची घालमेल होती.

आजींकडची ओवी

पटकथेत या जागी गाणं होतं. गीतकारानं फार चांगली ओवी लिहून दिली होती :

सरलं गं दाणं, जातं मोकळं फिरतं
लेकी तुझ्या पायी माझं काळीज दळतं

चाल हवी म्हणून आम्ही त्याच गावातल्या एका आजींकडे गेलो. त्यांचं माहेर जत तालुक्यातलं, सगळं आयुष्य अथणीकडे गेलेलं. त्यांनी तासभर ओव्या म्हटल्या : भावाच्या, पंढरीच्या, लेकीच्या, मधूनच एखादी कन्नड. शेजारच्या घरातल्या बाई येऊन बसल्या, त्यांनी बीसण्याची, म्हणजे दळणाची, कन्नड पदं म्हटली, त्रिपदीतली, तीन-तीन ओळींची. दोघींच्या चाली शेजारी शेजारी ऐकताना लक्षात आलं की दोन्ही चार सुरांच्या आतच फिरतात. सा रे ग म, बस्स. जातं ओढताना श्वास इतकाच पुरतो. फेराचा अर्धा भाग ओढायचा, अर्धा भाग ढकलायचा. ओळ त्या दोन श्वासांत बसवायची. कन्नड असो, मराठी असो, दगड तोच, म्हणून मापही तेच.

चार सुरांत काय मावतं याची थोरवी या जिल्ह्याला नव्यानं सांगायची गरज नाही. कुमार गंधर्व इथलेच, सुळेभावीचे, जन्म १९२४ चा. क्षयानं देवासला अंथरुणाला खिळले असताना माळव्याच्या बायकांची लोकगीतं त्यांच्या कानावर पडत राहिली, आणि तशा छोट्या धुनांमध्ये रागाचं बीज असतं हे त्यांनी पुढे गाऊन दाखवलं. आमचे संगीतकार बेत आखताना त्यांचं नाव घेतात ते भक्तीनं नाही, पद्धत म्हणून : आधी धुन नीट ऐक, तिला काय हवंय ते तिलाच विचार.

निघताना संगीतकारांनी आजींना प्रसंग सांगितला आणि विचारलं, अशा वेळी बाई कुठली ओवी म्हणेल? आजी म्हणाल्या, "म्हणंल कशाला? गप्प दळंल. दळताना रडत नसतेत, पीठ भिजतंय."

त्या वाक्यानं गाणं गेलं. गीतकाराला वाईट वाटलं, मलाही वाटलं. ती दुसरी ओळ अजून माझ्या तोंडात आहे. पण काळीज दळतंय हे चित्रात दिसत असताना तेच शब्दांत सांगितलं की चित्राचं वजन कमी होतं. सासूला गप्प ठेवणं बरोबर होतं.

चाल आधी पेरावी लागते

मात्र चाल टाकून दिली नाही. फिल्मच्या दहाव्या मिनिटाला लग्नाआधीची हळद दळण्याचा प्रसंग होता. चार बायका जात्याभोवती, मध्ये हीच सासू, तेव्हा तरतरीत. तिथे ढोलकी आणि सनईचं नेहमीचं लग्नाचं संगीत लावायचं ठरलेलं. चेहरे पाठमोरे किंवा दूर होते, त्यामुळे ओठ जुळवायचा प्रश्न नव्हता. संगीतकारांनी सगळं काढून तिथे आजींची चाल ठेवली. गीतकारानं नवे शब्द दिले :

हळद दळू बाई, जात्याला या घालू घास
सून येती घरा, माझ्या उंबऱ्याला आस

हे मला संपूर्ण कामातलं सगळ्यात महत्त्वाचं पाऊल वाटतं. शेवटच्या प्रसंगात जी भावना हवी, ती त्या प्रसंगात तयार करता येत नाही. ती तासभर आधी, बघणारा हसत असताना, नकळत त्याच्याकडे ठेवायला द्यावी लागते. मग वेळ आल्यावर चार सूर वाजवले की पुरे. बाकीचं तो स्वतःच काढून देतो. चाल दुःखाची असायची गरज उरत नाही, ती ओळखीची असावी लागते.

इथे गंधारावरून, म्हणजे ग या सुरावरून, बरीच चर्चा झाली. लग्नाची चाल शुद्ध गंधाराची होती. दिग्दर्शकाचं म्हणणं, शेवटी तीच चाल येऊ दे, पण कोमल, म्हणजे थोडा उतरलेला, गंधार लावून. मागणी अडाणी नव्हती. भूप रागातला गंधार कोमल केला की शिवरंजनी होतो, एका सुरात सगळा रंग पालटतो, आणि सिनेमावाल्यांनी हा बदल मनसोक्त वापरलेला आहे. संगीतकारांनी दोन्ही वाजवून दाखवलं. कोमल गंधार लागल्याबरोबर चाल ओळखू येईनाशी झाली. ती कुठल्याही दुःखी फिल्मची झाली, या घराची राहिली नाही.

शिवाय कोमल गंधार म्हणजे दुःख हे समीकरणच कच्चं आहे. काफीत कोमल गंधार आहे, आणि काफीत होऱ्या गातात, रंग उधळतात. भीमपलासात कोमल गंधार आहे आणि त्यात किती तरी प्रसन्न अभंग बांधलेले आहेत. सुराला स्वतःचा अर्थ थोडा असतो. बराचसा अर्थ त्याच्या आधी आपण काय ऐकलं आणि आत्ता समोर काय दिसतंय यातून येतो. लग्नाची चाल शेवटच्या पहाटे एक सूरही न बदलता आली, तर घर बदललंय आणि चाल मात्र तीच आहे, हे अंतर बघणाऱ्याला आपोआप जाणवतं. शुद्ध गंधारच राहिला.

दगडाचा सूर

आता प्रत्यक्ष प्रसंगाची बांधणी. वाद्यं तीनच : पेटी, तुणतुणं, एक चेलो. आणि जातं.

जात्याचा आवाज जागेवर वेगळा ध्वनिमुद्रित केलेला होता, दाणे असताना आणि दाणे नसताना. दाणे असताना जातं घरघरतं, आवाज भरीव आणि खालचा. रिकामं झालं की दगडावर दगड घासतो, वरचा कोरडा खरखराट येतो आणि खालचा गाभा नाहीसा होतो. त्या भरीव घरघरीत एक सूर दडलेला सापडला, साधारण काळी एकचा, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीचा, खर्ज (खूप खालचा सूर). संगीतकारांनी त्याच सुरावर पेटीचा खर्ज ठेवला, इतका हळू की पेटी वाजतेय असं कळू नये. भात्याचा श्वास जात्याच्या फेराबरोबर. पेटीच्या बाबतीत बेळगावकराचा कान तयार असतो, पं. रामभाऊ विजापुरे यांनी या शहरात पिढ्या घडवल्या, आणि आमचे वादकही त्याच परंपरेत शिकलेले. एकच सूर ३० सेकंदं धरून भाता इतका समान चालवणं ही किती अवघड गोष्ट आहे, ते पेटीवर हात ठेवल्याखेरीज कळत नाही.

हळदीच्या ओवीचा षड्ज, म्हणजे सा, काळी तीनचा. त्या हिशेबानं काळी एक म्हणजे पंचम, प. म्हणजे जात्याची घरघर हा ओवीचा खालचा पंचम झाला. पंचमावर टेकून चाल तरंगत राहते, घरी पोचत नाही. याचा उपयोग पुढे झाला.

०:१४ पासून पेटी जात्याच्या आवाजात मिसळलेली आहे. संगीत सुरू झालं हे कुणाला कळत नाही. १:२० ला शेजाऱ्याची हाक येते, तिथे मुद्दाम काहीच बदललं नाही. बातमी कळल्यावर सासू जशी दळतच राहते, तसंच संगीतही. १:३८ ला शेवटची मूठ जात्यात पडते तेव्हा तुणतुण्यावर ओवीची चाल येते, तार नेहमीपेक्षा सैल केलेली, एकेक सूर. सा रे ग म, ग रे... आणि षड्जावर उतरायच्या आत २:०५ येतं.

२:०५ ला सगळं काढून घेतलं. पेटी बंद, तुणतुणं बंद. उरला फक्त रिकाम्या दगडाचा खरखराट, भरभर.

दोन मिनिटं ज्याच्या आधारानं बघणारा बसला होता तो खर्ज एकाएकी निघून जातो. तो होता हेही त्याला माहीत नव्हतं, गेल्यावर कळतं. दाणे संपल्याचं दुःख सांगायला इथे एकही सूर वाजत नाही, तरी माझ्या अनुभवात संपूर्ण फिल्ममध्ये पोटात खड्डा पडतो तो याच जागी. संगीत वाढवून भावना वाढते हे सगळ्यांना ठाऊक असतं. काढून घेतल्यानं ती किती वाढते हे फार थोडे करून बघतात, कारण काढून घ्यायला आधी शांतपणे देऊन ठेवावं लागतं.

मग २:३१ ला सून समोर बसते. खुंट्यावर दोघींचे हात. २:५० ला ती गुणगुणते, शेजारच्या बाईंनी म्हटलेल्यातलंच एक पद. आवाज अभिनेत्रीचा स्वतःचा, चित्रीकरणाच्या वेळचाच. ती धारवाडकडची, असली पदं तिच्या आजोळची. चित्रीकरणाआधी तिला काळी तीनचा षड्ज ऐकवलेला होता, पण गाताना ती किंचित चढली. स्टुडिओत सॉफ्टवेअरनं तो सूर खाली आणणं दोन मिनिटांचं काम होतं. संगीतकारांनी हात लावू दिला नाही. पेटीचे सूर पक्के, ते तिच्या सुराला मिळेनात, म्हणून इथे पेटी परत आणली नाही; चेलो आणला, आणि चेलोवादकानं आपल्या तारा तिच्या आवाजाला मिळवून घेतल्या.

तिचं पद गंधारावरून षड्जावर येऊन थांबतं. तुणतुण्यावर जी चाल ऋषभावर, म्हणजे रे वर, अर्धी तुटली होती, ती सासूच्या भाषेतली चाल, सुनेच्या भाषेतल्या पदानं पुरी होते. तिचा षड्ज लागतो त्या क्षणी, ३:०८ ला, चेलो खालचा षड्ज धरतो. प्रसंगात खालचा षड्ज पहिल्यांदा तिथे लागतो. दोघींमध्ये मायेचा एक शब्द झालेला नाही, सून शेवटपर्यंत "अत्ती" (सासूबाई) एवढंही म्हणत नाही. पण कानाला कळतं की काहीतरी पुरं झालं. ३:३० ला जातं थांबतं, तेव्हा चेलोही.

टीव्हीचा छोटा स्पीकर

टिळकवाडीतल्या स्टुडिओत मोठ्या स्पीकरवर हे सगळं सुंदर ऐकू आलं. मग संगीतकारांनी तेच एका साध्या टीव्हीवर लावायला सांगितलं, खोलीतला पंखा चालू ठेवून. पेटीचा खर्ज पार गेला. काळी एकचा खर्ज म्हणजे साधारण ६९ हर्ट्झ. टीव्हीचे छोटे स्पीकर तिथवर उतरतच नाहीत. आणि खर्ज ऐकूच आला नाही तर २:०५ ला काढून घ्यायला काही उरत नाही, सगळी रचना कोसळते.

उपाय कानाच्या स्वभावात होता. मूळ सूर गायब असला तरी त्याचे वरचे स्वयंभू सूर, म्हणजे १३९, २०८, २७७ हर्ट्झच्या आसपासचे, व्यवस्थित पोचले तर मेंदू खालचा सूर स्वतःच जुळवून घेतो. म्हणून पेटीच्या आवाजातले ते वरचे सूर थोडे उचलले, आणि वरच्या सप्तकातली तीच पट्टी अगदी मंद मिसळली. मोठ्या स्पीकरवर फरक जाणवत नाही. छोट्यावर जातं पुन्हा भरीव झालं. टीव्हीसाठी संगीत करणाऱ्यांनी हा कंटाळवाणा भाग कधीच दुसऱ्यावर सोडू नये. भावना पोचते ती शेवटी प्रेक्षकाच्या घरातल्या त्या स्पीकरमधूनच.

दोन आवृत्त्या

वाहिनीच्या माणसाला २:०५ नंतरची शांतता धोक्याची वाटली. लोक चॅनेल बदलतील, किंवा आवाज गेला असं समजतील. त्यांची काळजी धंद्यातली होती, तिला उत्तर देणं भाग होतं. दिग्दर्शकही पूर्ण ठाम नव्हते. म्हणून बेळगावात ओळखीची काही मंडळी बोलावली, मराठी आणि कन्नड मिळून, आणि दोन वेगळ्या बैठकींत दोन आवृत्त्या दाखवल्या : एकीला टेंप ट्रॅक, दुसरीला नवं संगीत. प्रश्न एकच, "काय झालं ते सांगा."

ही काही शास्त्रशुद्ध चाचणी नव्हे, त्यावरून आकडे मांडण्यात अर्थ नाही. पण बोलण्यातला फरक ठळक होता. टेंप ट्रॅक ऐकलेली माणसं सुनेबद्दल बोलली : बिचारी, एवढंसं लेकरू घेऊन कुठे जाणार. नवं संगीत ऐकलेली माणसं सासूबद्दल बोलली : ती उपाशी राहणार. दाणे सुनेबरोबर निघाले, घरात काही उरलं नाही, हे चित्रात दोन्ही वेळा तेवढंच दिसत होतं. पहिल्या बैठकीत ते फारसं कुणाच्या बोलण्यात आलं नाही. दिग्दर्शक खुर्चीतून उठून बाहेर गेले आणि परत येऊन म्हणाले, "मी हीच गोष्ट लिहिली होती." वाहिनीच्या माणसानंही मग आग्रह सोडला.

एका बाईंनी मात्र दुसऱ्या बैठकीनंतर सांगितलं की या प्रसंगात संगीत नव्हतं हे फार आवडलं. ऐकू न येणारं पार्श्वसंगीत हेच उत्तम, असं एक मत त्यावरून लगेच काढलं जातं. मला ते पटत नाही. हळदीच्या प्रसंगात तेच संगीत खणखणीत ऐकू यायलाच हवं होतं. तिथे ते लपलं असतं तर शेवटी आठवायला काही नसतं. लपायचं कुठे आणि पुढे यायचं कुठे, हे त्या त्या जागी ठरतं.

कन्नड आवृत्तीचा प्रश्न

पुढे फिल्म कन्नडमध्ये भाषांतरित करायचं ठरलं आणि नवीच अडचण आली. सगळे संवाद कन्नड होणार, मग हळदीची ओवीही कन्नड करायची का? केली तर दोन भाषांचं जे जुळणं होतं ते पुसलं जाणार. संगीतकारांनी सुचवलं की त्या आवृत्तीतही सासू मराठीच राहू दे, घरात तरी; अथणीतल्या कन्नड प्रेक्षकाला ते मुळीच खटकणार नाही, उलट ओळखीचं वाटेल. बेंगळुरूच्या प्रेक्षकासाठी एखादं वाक्य खाली लिहून द्यावं लागेल, एवढंच. ते मान्य झालं.

दुसरी अडचण तांत्रिक. भाषांतरासाठी संवाद सोडून बाकीचा आवाज वेगळ्या पट्ट्यांवर पाठवतात, संगीत एका आणि इतर आवाज दुसऱ्या. आमचं जातं दोन्हींत होतं, कारण ते वाद्य म्हणूनच वाजलं होतं. पहिल्या जुळणीत तिकडच्या स्टुडिओनं दोन्ही पट्ट्या पूर्ण उघडल्या, आणि २:०५ नंतर रिकाम्या दगडाखाली भरलेल्या जात्याची घरघरही चालू राहिली. मी पुन्हा फ्रेमचा तक्ता काढून पाठवला : इतर आवाजांच्या पट्टीवरचं जातं ०:१४ ते ३:३० पूर्ण बंद ठेवावं, जात्याचा आवाज फक्त संगीताच्या पट्टीवरून घ्यावा, आणि अभिनेत्रीचं पद संवादाची पट्टी काढताना गाळू नये, ते संगीत समजावं. दुसऱ्या जुळणीत सगळं जागेवर आलं.